हार्ट अटॅकमध्ये तालुक्यालाच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्यावं, की थेट नाशिक गाठावं?

तुम्ही विचारलंय : राहणं शहाद्याजवळ, वडील ६२ वर्षांचे, मधुमेही. अटॅक आलाच तर तालुक्याला इंजेक्शन घेण्यात वेळ घालवायचा, की सरळ नाशिकला न्यायचं?

ईसीजीत एसटी (ठोक्याच्या आलेखातला एक भाग) वर उचललेला दिसत असेल आणि डॉक्टर इंजेक्शन द्यायला तयार असतील, तर तिथेच घ्या आणि मग पुढे हला. थेट अँजिओप्लास्टी (नळी घालून फुग्याने बंद शीर उघडणं) जास्त चांगली हे खरं, पण ईसीजीत निदान झाल्यापासून १२० मिनिटांत शीर उघडणार असेल तरच. नाशिकला चार तास तरी जातात, तोवर हृदयाचा स्नायू मरत राहतो. धुळं जवळ आहे, पण त्या वेळी तिथे कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) चालू आहे का, हे डॉक्टरांना आधी फोनवर विचारायला लावा.

दुखणं सुरू झाल्यापासून १२ तासांपर्यंत हे औषध देतात, पण सर्वांत जास्त फायदा पहिल्या तीन तासांत. ‘रात्री भरीत झालं होतं, गॅस असेल’ म्हणत सोडा पाजत बसू नका. मधुमेह्याला छातीत दुखेलच असंही नाही; नुसता दरदरून घाम आणि दम लागला तरी ईसीजी काढा. आणि गावात कमरेत दुखण्याचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. नंतर गुठळीचं औषध दिलं की त्या जागी स्नायूत रक्त साचतं.

औषधं मुख्यतः दोन. टेनेक्टेप्लेज वजनावर ठरतं : ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, ९० किंवा जास्त असेल तर ५०, शिरेतून ५ ते १० सेकंदांत, एकदाच. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका. पंच्याहत्तरीपुढे बहुधा अर्धा डोस देतात. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट, अर्धा ते एक तास सलाईनमधून. त्यात बीपी उतरतं, थंडी वाजते. तेव्हा नर्स सलाईन हळू करते, घाबरू नका. मात्र शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवतं, म्हणून ते पुन्हा देत नाहीत. कोणतं औषध, किती वाजता दिलं, हे लिहून घ्या.

खरा धोका रक्तस्रावाचा. हिरड्यांतून थोडं रक्त येणं किंवा सुईच्या जागी निळं पडणं चालतं. मेंदूत रक्तस्राव शंभरात एखाद्याला होतो. म्हणून हे न विचारता स्वतःहून सांगा : पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव, गेल्या काही महिन्यांत लकवा, डोक्याला मार किंवा मोठं ऑपरेशन, काळी शौच, रक्त पातळ करणारी गोळी. बीपी १८०/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणतात. संमतीपत्रावर सही करायला सुरतच्या भावाचा फोन लागेपर्यंत थांबू नका. कोण सही करणार, हे घरात आजच ठरवून ठेवा.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढतात. एसटी निम्म्याहून खाली आला आणि दुखणं ओसरलं तर शीर बहुधा उघडली. नसेल तर तातडीने अँजिओप्लास्टी लागते. पण तो निकाल बघायला तालुक्यात थांबायचं नाही, इंजेक्शन दिल्याबरोबर निघायचं. शीर उघडली तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी (शिरांतला अडथळा दाखवणारी तपासणी) हवीच. सर्वांत जास्त नुकसान इथे होतं : बरं वाटतं म्हणून माणसं पेशंट घरी नेतात. गुठळी विरघळली तरी शिरेतला अडथळा तिथेच असतो, आणि त्यावर पुन्हा गुठळी धरते.

प्रवास स्वतःच्या गाडीतून नको. १०८ बोलवा, डिफिब्रिलेटर (बिघडलेले ठोके शॉक देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र) असलेली गाडी मागा. शीर उघडताना ठोके बिघडू शकतात. वाटेत अचानक डोकं फार दुखलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा एक बाजू लुळी पडली तर लगेच सोबतच्या डॉक्टरांना सांगा. ईसीजीचा कागद, आधार आणि रेशनकार्ड बरोबर ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, फक्त रुग्णालय त्या योजनेत आहे का ते निघतानाच विचारा.