वॉरंटी 2027 पर्यंत, मुदत मात्र मे 2026 पर्यंत

जुन्नर तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी नाशिकच्या डीलरकडून साडेनऊ लाखांचा पिकअप घेतला. स्वतःच चालवतात, नारायणगावचा टोमॅटो माळशेज उतरून वाशीला नेतात. पहिल्या उन्हाळ्यापासून एसी गरम हवा मारतो. सर्व्हिस सेंटरने तीनदा गॅस भरला, दर वेळी 2,800 रुपये घेतले आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. ते विचारतात, "वॉरंटी फेब्रुवारी 2027 पर्यंत आहे, मग थांबू की केस करू?" अशी पत्रं दर उन्हाळ्यात येतात, कधी फ्रिजचं, कधी ट्रॅक्टरचं.

थांबू नका. वॉरंटी आणि मुदत ही दोन वेगळी घड्याळं आहेत आणि तुम्ही चुकीच्या घड्याळाकडे बघत बसला आहात. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. तुमचं एसीच्या तक्रारीचं पहिलं जॉबकार्ड, म्हणजे सर्व्हिस सेंटरने केलेली कामाची नोंद, 9 मे 2024 चं आहे. मार्च निम्मा सरलाय, म्हणजे हातात आठ आठवडेही नाहीत. शेवटच्या फसलेल्या दुरुस्तीपासून मुदत मोजावी असा युक्तिवाद करता येतो, काही वेळा तो मान्यही होतो. पण समोरचा वकील 9 मेच धरणार आणि पहिली हरकत तीच घेणार. विलंबमाफीचा अर्ज करता येतो; मात्र "ते आज करतो, उद्या करतो म्हणत होते" हे कारण ग्राहक आयोगाला पटेलच असं नाही. नोटीस पाठवल्याने किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्याने मुदत वाढत नाही. नोटीस जरूर पाठवा, पंधरा दिवस द्या, पण उत्तराची वाट बघत मे उजाडू देऊ नका.

आता तुम्ही पाठवलेले फोटो. पहिल्या कार्डावर 'एसी कूलिंग नाही' असं स्पष्ट लिहिलंय, ते जपून ठेवा. दुसऱ्यावर ग्राहकाच्या तक्रारीचा रकाना कोरा, खाली फक्त 'गॅस टॉप-अप, ओके' आणि त्याखाली तुमची सही! दोन वर्षं त्रास सोसणारा माणूस कोऱ्या रकान्याखाली सही करतो, हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दोन महिन्यांत तो गेला म्हणजे कुठेतरी गळती आहे : कंडेन्सर, पाइपचा जोड, कॉम्प्रेसरचं सील, काहीही. गळती न शोधता तिसऱ्यांदा गॅस भरणं ही दुरुस्तीच नव्हे, आणि सेवेतली त्रुटी म्हणून हेच मांडायचं आहे. वॉरंटीच्या पुस्तकात गॅस बहुधा वगळलेला असतो, त्यावर वाद घालू नका. गळका भाग वगळलेला नसतो. याच आठवड्यात गाडी न्या, लीक टेस्ट मागा, प्रेशरचे आकडे कार्डावर लिहून घ्या. नकार दिला तर तिथे उभं राहूनच ईमेल करा. मध्ये एकदा ओतूरला रस्त्याकडेच्या मेकॅनिककडून गॅस भरून घेतलात, ते कंपनी वापरणार. लपवू नका, तारखेसह तक्रारीत लिहा.

पिवळी पाटी म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असंही म्हणतील. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्यात येत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या 1995 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे समजावून सांगितलं आहे. एकच गाडी, चालक तुम्ही स्वतः : हे वाक्य तक्रारीच्या पहिल्याच पानावर हवं.

नवी गाडी मिळेल अशी आशा धरू नका. वॉरंटी भाग बदलण्यापुरती असेल तर अख्खी गाडी बदलून द्या असा आदेश टिकणं अवघड असतं. एसीची मोफत दुरुस्ती, गॅसचे 8,400 रुपये परत आणि त्रासाची भरपाई मागा. डीलर आणि उत्पादक दोघांनाही पक्षकार करा. कारण गोव्यातल्या एका गाडीच्या प्रकरणात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीलरच्या चुकीसाठी कंपनीला जबाबदार धरलं नव्हतं. ट्रकला एसी सक्तीचा झालाय असं तुम्ही लिहिलंय, पण तो नियम ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या, साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांना आहे. तुमच्या पिकअपला तो लागू नाही.

गाडी नाशिकची असली तरी तक्रार पुणे जिल्हा आयोगात करता येते, कारण तुम्ही या जिल्ह्यात राहता. फी 200 रुपये, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि टोमॅटोच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला तारखांसाठी खेपा घालायला लावणं हा अन्याय आहे. म्हणूनच स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल तक्रारीसोबतच जोडा, तपासणीच्या अर्जात तरी महिने जाणार नाहीत.

तिसऱ्या गॅसचं बिल हरवलंय म्हणता. त्याची दुसरी प्रत सर्व्हिस सेंटरकडून आजच लेखी मागा, आणि त्या अर्जावर पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.