गिटारला भडक निळा रंग द्यायचाय? मग आधी हे वाच

निळा रंग आणायच्या आधी लाकूड कोणतं आहे ते बघ. लाटांची नक्षी असलेल्या मेपलवर डाय (लाकडात मुरणारा पारदर्शक रंग) खुलतो. बासवुडवर तोच रंग सपाट दिसतो, तिथे सरळ अपारदर्शक रंग मारलेला बरा.

२२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घास, ओल्या फडक्याने पुसून वाळू दे, वर आलेले लाकडाचे तंतू हलक्या हाताने घासून काढ. फेविकॉलचा डाग राहिला तर तिथे डाय शिरणारच नाही, पांढरट ठिपका दिसेल. आणि तो लॅकरखाली (वरच्या पारदर्शक लेपाखाली) आणखी उठून दिसतो!

नक्षी उठावदार हवी असेल तर आधी पातळ काळा डाय लाव, वाळल्यावर बराचसा घासून काढ. काळा फक्त लाटांच्या खाचांत उरला पाहिजे. मग निळा. वाळल्यावर तो फिका, मातकट दिसेल. घाबरून आणखी थर चढवू नकोस. मिनरल स्पिरिटचं ओलं बोट फिरवून बघ, लॅकरखाली साधारण तसाच दिसेल. त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी लॅकरसकट सगळं करून पाहायचं, यात सवलत नाही.

लॅकरचे पहिले हात अगदी पातळ, फवाऱ्यानेच. ब्रशने डाय ओढला जातो. नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर काळानुसार पिवळं पडतं, म्हणजे तुझा निळा हिरवटाकडे झुकेल. मी निळ्यावर न पिवळणारं अ‍ॅक्रिलिकच वापरतो. कडांवर घासताना जपून, तिथेच लॅकर पार घासलं जाऊन रंग निघतो. फवारताना साधा कापडी मास्क चालत नाही, वाफा अडवणारा कार्ट्रिजवाला लाव, आणि जवळपास ठिणगीसुद्धा नको.