पाणी भरपूर प्यायलं की मुलाचं लक्ष लागतं का?

उन्हं तापायला लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडी एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, पाणी भरपूर पाजलं की एडीएचडी कमी होतो म्हणे. खरं का?" एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं, चंचलपणा आणि उतावीळपणा. कुणाला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलेला असतो, कुणाला नात्यातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यामागची तगमग मला समजते. गोळी नको, मानसोपचारतज्ज्ञाची पायरी नको, पोराच्या कपाळावर शिक्का नको. घरच्या माठातल्या पाण्यानं भागलं तर किती बरं! म्हणून या प्रश्नाला मी 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर देत नाही. पाण्याचा आणि लक्षाचा संबंध आहे. तो नेमका कुठं आहे हे एका मुलानं मला फार स्पष्ट दाखवलं. त्याची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलून सांगते.

पाचवीतला मुलगा. घर सोलापुरातल्या अशोक चौकाच्या मागं. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी टॉवेलच्या कडा शिवायची, सोबत आजी. मुलगा हुशार, बोलका, आणि शाळेतून रोज काही ना काही तक्रार. वही अर्धी, कंपासपेटी हरवलेली, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, बाकावर बूड टिकत नाही. दुपारच्या सुट्टीनंतर तर तो कुणाच्याच हाती लागायचा नाही. घरी आला की डोकं दुखतंय म्हणून आडवा व्हायचा.

आईनं उपाय सुरू केलेलाच होता. दोन लिटरची बाटली, तिच्यावर मार्करनं मारलेल्या वेळेच्या रेघा.

"रोज रिकामी करून आणतो बघा बाटली," ती म्हणाली. "पण फरक म्हणावा तसा नाही. उलट दुपारी जास्तच करायलाय. तीन लिटर करू का, मॅडम?"

"थांबा ताई," मी म्हटलं. "आधी त्याच्याशी बोलू द्या."

त्याच्याशी काय बोलणं झालं ते सांगण्याआधी, पाण्याबद्दल जे पक्कं माहीत आहे ते सांगून टाकते. शरीरातलं पाणी वजनाच्या एक-दोन टक्क्यांनी कमी झालं तरी माणसाचं लक्ष, ऐकलेलं थोडा वेळ डोक्यात धरून ठेवण्याची ताकद आणि मनःस्थिती यांवर परिणाम होऊ शकतो. तीस किलोच्या मुलाच्या बाबतीत ही तूट तीनशे ते सहाशे मिलिलिटरची. आपल्याकडच्या उन्हात एक तास मैदानावर खेळून आलेल्या पोराची एवढी तूट होऊ शकते. ब्रिटनमध्ये २००९ साली सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. ज्या मुलांना जादा पाणी दिलं त्यांना दोन चित्रांमधले फरक जास्त सापडले. पण ती सर्वसाधारण मुलं होती, आणि तेवढ्यावरून पाणी हे एडीएचडीवरचं औषध ठरत नाही. एडीएचडी ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. ती तहानेनं होत नाही आणि तहान भागवून जात नाही. एवढंच खरं, की आधीच ज्याचं लक्ष निसटतं, त्याच्यावर तहानेची भर पडली की उरलंसुरलंही निसटतं.

आता तो मुलगा. आईला बाहेर बसवलं. थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याविषयी तो भरभरून बोलला. मग मी विचारलं, "बाटलीतलं पाणी कुठं जातं रे?"

त्यानं दाराकडं पाहिलं. "आईला सांगणार?"

"तू म्हणशील तेवढंच सांगेन."

"शाळा सुटायच्या आधी झाडाला घालतो."

"बरं. आणि तू स्वतः प्यायलास तर पुढं काय होतं?"

बराच वेळ तो टेबलाची कड नखानं खरवडत बसला. मग म्हणाला, "शू लागते."

"मग?"

"मग सरांना विचारावं लागतं. सर म्हणतात, आत्ताच जाऊन आलास की. तुला नुसतं बाहेर फिरायला पाहिजे. मग सगळी हसतात. म्हणून मी पीतच नाही. सुट्टीत पण नाही."

"आणि तरीही लागली तर?"

"धरून बसतो. पाय हलवत."

पाय हलवत. शाळेच्या तक्रारवहीत शिक्षकांनी हेच तर लिहिलं होतं: दुपारच्या तासांना सतत पाय हलवतो, जागेवर बसत नाही. एकच पाय शिक्षकांना चंचलपणा म्हणून दिसत होता, आईला पाणी कमी पडतंय म्हणून दिसत होता, आणि मुलाच्या लेखी ते लघवी धरून ठेवणं होतं. सकाळी सातला अर्धा कप चहा, त्यानंतर संध्याकाळपर्यंत जवळपास काही नाही. तहान, भरलेलं मूत्राशय आणि पुन्हा हसं होईल ही धास्ती, असं तिन्ही अंगावर घेऊन तो गणिताच्या तासाला बसत होता. त्याच्या जागी कुठल्याही मोठ्या माणसाचं लक्ष लागलं असतं का?

समुपदेशनाच्या ज्या पद्धतीत मी तयार झाले त्यात वागण्याला नाव देण्यापूर्वी त्या वागण्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं, हे बघायला शिकवतात. 'पुढं काय होतं?' हा माझा रोजचा प्रश्न आहे. नव्यानं समुपदेशन शिकायला येणाऱ्या मुलींना तो फार साधा वाटतो. पण मूल एखादी चांगली गोष्टसुद्धा करत नसेल, तर ती केल्यावर त्याच्या वाट्याला काय येतं हे आधी बघावं, यावर माझा विश्वास दर वर्षी वाढतच गेला आहे. या मुलाला पाण्याचं महत्त्व पाठ होतं, विज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर त्यानं मला घडाघडा म्हणून दाखवलं. पाणी प्यायल्यावर त्याच्या वाट्याला अपमान येत होता, म्हणून तो पीत नव्हता.

त्याच्या परवानगीनं मी घरच्यांना सांगितलं. वडील भडकले. यात त्यांना दोष देता येत नाही. सोलापुरात राहणाऱ्यालाच कळेल, नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा घरात एकेक हंडा कसा मोजला जातो. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आपल्या दारातला दिवस ठरलेलाच. "दोन लिटर पाणी रोज ओतून देतो?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, बेसिनमध्ये सोडून देणं सोपं होतं. त्यानं रोज झाडापर्यंत नेऊन घातलं. वाया घालवायचं नाही, हे तुमच्याच घरात शिकलाय तो."

वडील गप्प झाले. थोड्या वेळानं मुलाकडं बघून एवढंच म्हणाले, "मला सांगायचं की रे." माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच होता, कारण त्यानंतर मुलगा वडिलांशी शाळेतलं बोलायला लागला.

पुढची कामं साधी होती. मी वर्गशिक्षकांना भेटले. ते वाईट माणूस नव्हते. साठ मुलांचा वर्ग सांभाळताना दर दहा मिनिटांनी हात वर करणारं पोर त्रासदायकच वाटणार. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. त्याच्या बाकावर एक लाल पट्टी ठेवायची. ती उभी केली की त्यानं न विचारता जाऊन यायचं, सरांनी नुसती मान हलवायची. आणि दुसरी, ठरावीक तासांनंतर सगळ्याच वर्गानं पाणी प्यायचं. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची घंटा सुरू केली, मग कर्नाटकानंही ती उचलली. इथं घंटा नव्हती, पण सरांनी फळ्यावर पेल्याचं चित्र काढायला सुरुवात केली. एकट्या मुलाला 'तुला गरज आहे' म्हणून पाजणं आणि सगळ्यांनी मिळून पिणं, यात मुलाच्या मनाच्या दृष्टीनं फार अंतर आहे.

घरी मी आईला 'पाणी पी, पाणी पी' म्हणणं पूर्ण थांबवायला सांगितलं. हे तिला सर्वांत जड गेलं. एडीएचडीचे अमेरिकन अभ्यासक रसेल बार्कले यांचं म्हणणं मला कायम पटत आलं आहे: या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, अडतं ते नेमक्या क्षणी करण्यात. आपल्याकडं याला 'कळतं पण वळत नाही' म्हणतात आणि तो मुलाचा दुर्गुण मानतात. दुर्गुण कशाला मानायचा? वळायला मदत करणारी वस्तू त्या जागी ठेवावी. अशी मुलं खेळात किंवा चित्रात बुडाली की तहान जाणवतच नाही, आणि जाणवली तरी उठेपर्यंत विसरते. म्हणून दोन लिटरची बाटली गेली, अर्ध्या लिटरची आली. अभ्यासाच्या पाटाशेजारी फुलपात्र झाकलेला तांब्या आला. दप्तर ठेवलं की एक फुलपात्र, भाकरी खाल्ली की एक, असं जे रोज होतंच त्याच्या शेपटाला पाणी बांधलं. आजीनं सकाळच्या चहाआधी एक पेला पाणी द्यायचं ठरवलं आणि ते तिनं एकदाही चुकवलं नाही.

महिन्याभरात संध्याकाळची डोकेदुखी जवळजवळ थांबली. दुपारच्या तक्रारी निम्म्यावर आल्या. पण वही अर्धीच राहत होती, कंपासपेटी हरवतच होती, गणितात पायऱ्या गळत होत्या.

"म्हणजे पाण्यानं बरा नाही झाला?" आईचा चेहरा उतरला होता.

"नाही झाला, ताई. पण आता जे उरलंय ते स्वच्छ दिसतंय. आता डॉक्टरांकडं जाऊ."

वडिलांनीच तिला समजावलं. "मागाला तेल घातलं म्हणून डिझाइन बदलतं का? पण तेल नसलं तर चांगलं डिझाइनपण बिघडतं."

मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं, शाळेचे अहवाल पाहिले आणि एडीएचडीचं निदान केलं. हे निदान एका दुपारच्या चुळबुळीवरून होत नाही. लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात. औषध सुरू झालं, आणि इथं पाणी पुन्हा उपयोगी आलं. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी भूक मंदावते, तोंड कोरडं पडतं, काहींचं डोकं दुखतं. जेवण कमी झालं की जेवणातून मिळणारं पाणीही कमी होतं. लागलेली सवय त्या दिवसांत कामी आली.

आता ज्यांच्या मनात हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडं. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २.४ लिटर आणि मुलीला २.१ लिटर पाणी लागतं असं अमेरिकेतल्या पोषणविषयक शिफारशी सांगतात. पण त्यात दूध, ताक, आमटी, फळं हे सगळं धरलेलं आहे. म्हणजे तेवढं साधं पाणी वेगळं पाजायचं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की गरज वाढते. बाटलीवरच्या रेघांपेक्षा लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. थोड्या वेळात खूप पाणी जबरदस्तीनं पाजू नका. रक्तातलं सोडियम घसरू शकतं आणि ते धोक्याचं असतं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. आणि मूल आपणहून सारखं पाणी मागत असेल, सारखी लघवी होत असेल, वजन उतरत असेल, तर रक्तातली साखर लगेच तपासून घ्या. त्याला चांगली सवय समजून कौतुक करत बसू नका.

मुलींच्या आयांना एक वेगळं सांगते. वर्गात गप्प, स्वप्नाळू बसणाऱ्या मुलीचा एडीएचडी लवकर ओळखूच येत नाही, आणि शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून कितीतरी मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मोठ्या मुलीही हेच करतात. तिथं पाण्यावर व्याख्यान देण्याआधी स्वच्छतागृहाचं दार उघडून बघा, कडी लागते का, पाणी येतं का. पालकसभेत हा विषय काढायला लाजू नका.

पाण्याची घडी बसवून तीन-चार आठवड्यांनंतरही अभ्यास आणि वागणं तसंच राहिलं तर तज्ज्ञांना भेटा. सुरू असलेलं औषध पाण्याच्या भरवशावर मनानं बंद करू नका. कुणाकडं जावं ते सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. जाताना आठवडाभराची साधी नोंद सोबत न्या: सकाळपासून मूल काय काय प्यायलं, डोकं कधी दुखलं, चुळबुळ कोणत्या तासाला वाढली, झोप किती झाली. आणि त्या नोंदीत मुलाचं स्वतःचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा.