परदेशी निघण्याआधीचे दोन दिवस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वर्षभरासाठी परदेशी शिकायला जाणाऱ्या २४ मुलांचं आम्ही शनिवार-रविवारचं निवासी शिबिर घेतो. सगळी माहिती देतो, तरी निघायच्या आदल्या दिवशी मुलं तेच प्रश्न पुन्हा विचारतात. काय बदलावं? (एक स्वयंसेवक)

माहिती शिबिरात द्यायचीच नाही. व्हिसा, विमा, सामानाचं वजन, आणीबाणीचे नंबर हे दोन पानांत लिहून दहा दिवस आधी पाठवा. ती पानं वाचून प्रत्येकाने तीन प्रश्न लिहून आणायचे. शनिवारी सकाळच्या तासाभरात ते निकालात निघतात. उरलेला वेळ घरी बसून जे करता येत नाही त्यासाठी ठेवा, म्हणजे सरावासाठी.

सुरुवातीला ‘बार्न्गा’ खेळवा. शिवसैलम थियागराजन यांनी १९८० मध्ये तयार केलेला हा पत्त्यांचा खेळ आहे. सहा टेबलं मांडा, प्रत्येकी चार मुलं. दर टेबलाला एक्क्यापासून सत्तीपर्यंतची २८ पानं आणि नियमांचा कागद द्या. पाच मिनिटं सराव झाला की कागद काढून घ्या आणि बोलणं पूर्ण बंद करा. दर फेरीनंतर जिंकणारा वरच्या टेबलावर जातो, हरणारा खालच्या. प्रत्येक टेबलाचे नियम थोडे वेगळे आहेत, हे मुलांना माहीत नसतं. एका टेबलावर एक्का सगळ्यात मोठा, दुसऱ्यावर सगळ्यात लहान. कुठे इस्पिक हुकूम, कुठे चौकट, तर कुठे हुकूमच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दोन मुलं एकाच हातावर दावा सांगतात. समोरचा लबाडी करतोय, असंच दोघांना वाटतं. तिथे मुलं ज्या कुटुंबात राहतात, त्या यजमानांच्या घरी नेमकं हेच घडतं.

हा खेळ फसतो तो चर्चेच्या घाईमुळे. खेळाला अर्धा तास दिलात तर चर्चेला पाऊण तास हवा. आधी ‘काय झालं?’, मग ‘राग कुणाचा आला?’ आणि सगळ्यात शेवटी ‘तिथे हे कुठे होईल?’ हा क्रम मोडू नका. शेवटचा प्रश्न आधी विचारलात तर मुलं शहाण्यासारखी, पाठ केलेली उत्तरं देतात. नियम वेगळे होते हेही तुम्ही सांगू नका, त्यांनाच सापडू द्या.

दुपारी छोटे प्रसंग नाटकासारखे करून घ्या. रात्री भूक लागली आहे, फ्रिज उघडायचा का? वाढलेलं नको आहे, ते कसं सांगायचं? अंघोळीला किती वेळ लागलेला चालतो? मुलाने ही वाक्यं यजमानांच्या भाषेत, मोठ्याने म्हणायची. असं वर्ष काढून नुकती परतलेली मुलं यजमानांची भूमिका करतील. त्यांना ‘तुमचा अनुभव सांगा’ म्हटलं की सहलीचं वर्णन सुरू होतं. त्याऐवजी ‘पहिल्या महिन्यातला एक साधा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत’ सांगायला लावा.

एक प्रसंग अजिबात गाळू नका : घरातल्या कुणाचं वागणं किंवा स्पर्श खटकला तर? आधी त्या जागेवरून निघायचं आणि मग लगेच फोन करायचा. कुणाला करायचा, त्यांनी उचलला नाही तर दुसरा नंबर कोणता, हे मुलांना तोंडपाठ हवं. ‘पुरावा नाही’ म्हणून गप्प राहायचं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

प्रश्न : आम्ही पालकांनी शिबिराला पूर्ण वेळ थांबावं का?

नाही. आईबाबा समोर असले की मुलं नेमके महत्त्वाचेच प्रश्न विचारत नाहीत. पालकांसाठी रविवारी दोन तास वेगळे ठेवावेत आणि शेवटचा तास सगळ्यांनी एकत्र बसावं.

प्रश्न : मुलगी दहा महिने जाणार आहे. व्हिडिओ कॉल किती वेळा करावा? पहिले महिने छान जातात आणि मग उदास वाटतं, हे खरं का?

आठवड्यातून एक ठरलेला वार आणि वेळ पुरे. शिबिराच्या त्या शेवटच्या तासातच दोघींनी तो लिहून घ्या. रोज तासभर घरी बोलणाऱ्या मुलीचं मन इथेच राहतं आणि तिथली भाषा मागे पडते. ती रडत बोलली तर लगेच तिला पाठवणाऱ्या संस्थेला फोन लावू नका. आधी विचारा, ‘हे तिथे कुणाला सांगितलंस?’ बरेचदा तुमच्याशी बोलून ती मोकळी होते, जागरण मात्र तुम्हाला होतं. सुरक्षिततेची शंका आली तर मात्र तासभरही थांबू नका.

आधी उत्साह, मग घसरण, मग सावरणं, हा इंग्रजी ‘यू’सारखा आलेख समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाऊन आलेल्या नॉर्वेच्या अभ्यासकांवरून मांडला. नंतरच्या अभ्यासांत अनेकांना सुरुवातच सगळ्यात जड गेल्याचं दिसलं. म्हणून तो वेळापत्रकासारखा शिकवू नये. नाहीतर पहिल्याच आठवड्यात रडू आलं की मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी बिघडलं आहे.

प्रश्न : हातातल्या बॅगेत काय असावं?

पासपोर्ट, व्हिसाची आणि शाळेची पत्रं, विम्याचा कागद. यजमानांचा पत्ता आणि फोन कागदावर हवाच, कारण उतरल्यावर मोबाइल चालेलच असं नाही. औषधं मूळ वेष्टनात, सोबत औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. साधारणपणे १०० वॉट-अवरपर्यंतची जवळ ठेवता येते. २०,००० मिलीअँपिअर-अवरची ३.७ व्होल्टने ७४ वॉट-अवर भरते. तरी विमान कंपनीचे ताजे नियम बघा. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का, हे आजच तपासा.

आणि मोठी बॅग भरूनच शिबिराला आणायला सांगा. ती घेऊन मुलाने एकट्याने दोन मजले चढायचे. चढता आलं नाही, तर तिथेच बॅग उघडून सामान कमी करायचं.