‘हरणे’, ‘हरवणे’ आणि ‘हरपणे’ यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की ‘मी बॅट हरवली’ आणि ‘मी दादाला हरवलं’ यांत क्रियापद एकच असताना अर्थ इतके लांबचे कसे, आणि मग हरणे, हरपणे, गमावणे कुठे वापरायचं. मी कोल्हापूर भागात एका दैनिकासाठी छोट्या जाहिराती घेते. हरवल्याच्या आणि निधनाच्या, दोन्ही जाहिराती माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे या शब्दांवर माझा जीव आहे.

आधी तुमची बॅट. हसणेचं हसवणे होतं तसं हरणेचं हरवणे, म्हणजे समोरच्याला हरायला लावणे. वस्तू नाहीशी होण्यालाही आपण हरवणेच म्हणतो. माणसाच्या बाबतीत ओळखायची खूण म्हणजे ‘ला’. ‘दादाला हरवलं’ म्हणजे दादाचा पराभव केला. ‘दादा हरवला’ म्हणजे दादा सापडत नाही. म्हणून ‘जत्रेत मी मुलाला हरवलं’ असं म्हणू नका. मुलगा जत्रेत हरवला, किंवा आमची चुकामूक झाली.

वस्तूंचं अजून बारीक आहे. शाळेतून आलेलं पोर सांगतं, ‘आई, पेन्सिल हरवली.’ जणू पेन्सिलच उठून गेली, याचा काही संबंध नाही. आई विचारते, ‘परत हरवलीस?’ शेवटी एक ‘स’ लागला आणि पेन्सिलची चूक पोराच्या गळ्यात आली. एवढ्याशा अक्षरात एवढं मावतं, हे मला दर वेळी थक्क करतं. वकिलांच्या नोटिशीत मात्र खरेदीखत हरवत नाही, ‘गहाळ’ होतं.

‘हरणे’ हे खेळ, लढाई, निवडणूक, खटला यांचं. इथे एक चूक सर्रास होते. ‘मी डाव हरला’ नव्हे, ‘मी डाव हरलो’, आणि बाई असेल तर ‘हरले’. क्रियापद डावाकडे बघत नाही, खेळणाऱ्याकडे बघतं. ‘हारलो’पेक्षा ‘हरलो’च लिहा. नाम मात्र ‘हार’.

‘गमावणे’ची जोडी ‘कमावणे’शी. नोकरी, पत, संधी, लोकांचा विश्वास, म्हणजे जे हातात होतं किंवा हातात येत होतं ते. छत्री कुणी गमावत नाही. जे अजून मिळालंच नव्हतं त्याला माणूस मुकतो : एका मार्कानं प्रवेशाला मुकला.

आणि ‘हरपणे’. देहभान हरपतं, मातृछत्र हरपतं, गावाचा आधारवड हरपतो. किल्ल्या हरपत नाहीत. 14 जानेवारी 1761 ला पानिपत झालं, त्यानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचं सांकेतिक पत्र लागलं. दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे साधे सैनिक. एवढ्या मोठ्या पराभवाची बातमी, पण ‘हरलो’ हा शब्द त्यात नाही. सगळे शब्द जीवाभावाची वस्तू गेल्याचे.

अलीकडे लोक श्रद्धांजलीचा मजकूर आणतात : ‘मी माझी आई गमावली.’ याला भाषांतराचा वास येतो. अपघातात जीव गमावला, इथवर ठीक. पण आई गेली. दोन शब्द पुरतात, आणि ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी वडिलांचा फोटो घेऊन आला. म्हाताऱ्याला विसरायचा आजार, दोन दिवस घरी नव्हते. अंगात नेहरूशर्ट, धोतर, डोईला टोपी. सवयीनं मी वर ‘हरवले आहेत’ लिहिलं. त्यानं वाचलं आणि म्हणाला, ‘ताई, वस्तू हरवतात. आबा घरातनं निघून गेल्यात, असं टाका.’ तसंच टाकलं. खरं तर जाहिरातींत माणसांसाठीही ‘हरवले’ चालतं, व्याकरणानं माझं काही चुकलं नव्हतं. तरी तेव्हापासून मी घरच्यांना विचारूनच तो शब्द घालते.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला : ‘ताई, आबा गावले.’ आमच्याकडे ‘सापडले’ला ‘गावले’ म्हणतात. हरवणेचे विरुद्धार्थी शब्द लिहून ठेवत असाल तर सापडणे, गवसणेच्या शेजारी तोही लिहा.