सल्ला की कळवणे : एका इंग्रजी क्रियापदाविषयी पत्र

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराकडे तू रुजू झालीस आणि पहिल्याच हंगामात रॉटरडॅमच्या खरेदीदाराशी पत्रव्यवहार करण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा मला मनापासून आनंद झाला. एका पानाच्या मसुद्यात ‘अ‍ॅडव्हाइज’ हा शब्द चार वेळा आला आणि चारही ठिकाणी साहेबांनी लाल खूण केली, पण कारण सांगितले नाही, असे तू लिहितेस. त्या खुणा योग्यच आहेत. तरीही त्या चार चुका नसून एकाच घोटाळ्याची चार रूपे आहेत असे मला वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाळेत आपल्याला या क्रियापदाचा एकच अर्थ शिकवला जातो, तो म्हणजे सल्ला देणे. व्यापार, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पत्रांत मात्र ते तितक्याच सहजपणे ‘कळवणे’ या अर्थाने येते. मराठीत ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘तुमचा माल गुरुवारी निघाला’ असे मी कळवतो तेव्हा ती बातमी खरी असण्यापुरती माझी जबाबदारी असते. ‘माल गुरुवारी पाठवा’ असा सल्ला देतो तेव्हा त्या निर्णयाचा काही भार मी स्वतःवर घेतलेला असतो. इंग्रजीत लिहिताना मराठी विसरून जा, असे पुष्कळ जण सांगतात, पण या शब्दापुरते मी उलट सांगेन. तो लिहिण्याआधी स्वतःला मराठीत विचार, की मी सल्ला देते आहे की कळवते आहे? उत्तर मिळाले की पुढची वाक्यरचना बरीचशी आपोआप ठरते.

हा भेद मी फार उशिरा शिकलो. मुंबईत एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी नवा अधिकारी असताना इचलकरंजीचे एक कापड निर्यातदार माझ्याकडे आले. त्यांच्या नावे परदेशी बँकेने उघडलेली एल.सी., म्हणजे अटींप्रमाणे कागदपत्रे दिल्यास पैसे देण्याचे वचन देणारे पतपत्र, आमच्यामार्फत आली होती आणि आमच्या पत्रात ती त्यांना ‘अ‍ॅडव्हाइज’ करत असल्याचे छापले होते. त्यांनी अर्थ विचारला, तेव्हा मी शाळेत शिकलेल्या मराठीत सांगितले की बँक तुम्हाला या व्यवहाराचा सल्ला देते आहे. त्यांनी निश्चिंत मनाने माल पाठवला. कागदपत्रांत काही त्रुटी निघाल्या, परदेशी बँकेने पैसे अडवून धरले, आणि ते गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन म्हणाले, “तुमच्या बँकेनेच सल्ला दिला होता ना?” पैसे काही महिन्यांनी मिळाले, पण त्या काळात त्यांनी कारागिरांचे पगार उसने पैसे आणून भागवले. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती एका क्रियापदाची होती.

आपल्या पत्रव्यवहारात ‘अ‍ॅडव्हायझिंग बँक’ हा शब्द तुला रोज भेटेल, म्हणून तिचे काम नेमके काय हे समजून घे. पतपत्रांसाठी पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने केलेली नियमावली जगभर पाळली जाते आणि ‘यूसीपी ६००’ या नावाने ओळखली जाणारी तिची आवृत्ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्या नवव्या कलमानुसार पतपत्र कळवणारी बँक दोनच गोष्टींची ग्वाही देते. ते पत्र वरकरणी अस्सल असल्याची खात्री तिने करून घेतली आहे आणि आपल्याकडे आलेल्या अटी तिने जशाच्या तशा पुढे कळवल्या आहेत. पैसे देण्याचे कोणतेही वचन ती त्यातून देत नाही. ते वचन हवे असेल तर बँकेने पतपत्र ‘कन्फर्म’ करावे लागते, आणि तो वेगळा व वेगळ्या शुल्काचा व्यवहार आहे. म्हणजे या संज्ञेत सल्ल्याचा अंशही नाही.

एकाच शब्दात हे दोन अर्थ कसे मावले, याचे उत्तर त्याच्या मुळात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मला असे दिसते’ या अर्थाचा एक वाक्प्रयोग होता आणि त्यातून मत या अर्थाचा शब्द तयार झाला. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा उच्चार ‘आव्ही’ असा होतो. त्याच्या मागे ‘पाहिलेले’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. इंग्रजीत आल्यानंतर लॅटिनच्या आदरापोटी त्यात ‘डी’ हे अक्षर घातले गेले. म्हणजे शब्दाच्या मुळाशी पाहणे आहे. मला कसे दिसते हे सांगितले की मत होते, आणि काय दिसले हे सांगितले की वार्ता होते. दूर देशांहून जहाजाने येणाऱ्या बातम्यांना इंग्रजी वृत्तपत्रे पूर्वी या नामाचे अनेकवचन वापरत, आणि आरमाराचे खलिते वाहणाऱ्या वेगवान छोट्या जहाजाला ‘अ‍ॅडव्हाइस बोट’ म्हणत. आपला ‘सल्ला’ अरबी-फारसीतून आला, ‘मसलत’ही त्याच धातूची, आणि त्या धातूचा अर्थ हित, बरे असणे असा आहे. आपला शब्द समोरच्याच्या हितापासून निघतो, म्हणून मराठीत कोरड्या सूचनेला कोणी सल्ला म्हणणार नाही. इंग्रजी शब्द पाहण्यापासून निघतो, म्हणून त्याला दोन्ही कामे चालतात. मला हा फरक फार सुंदर वाटतो, आणि एकदा तो ध्यानात आला की पुढचे व्याकरण पाठ करावे लागत नाही.

आता तुझी पहिली खूण. जहाज आठ दिवस उशिरा पोहोचेल हे तुला कळवायचे होते, तेव्हा तेथे ‘अ‍ॅडव्हाइज यू ऑफ द डिले’ अशी रचना हवी. ज्याला कळवायचे तो क्रियापदाला लागून येतो आणि जे कळवायचे त्याच्याआधी ‘ऑफ’ येतो. तू ‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ लिहिलेस, त्यामुळे उशिराबाबत काय करावे याचे मार्गदर्शन तू करणार आहेस असा अर्थ झाला.

दुसरी खूण शीतगृहाच्या वाक्यावर आहे. तेथे तुला खरोखर सल्ला द्यायचा होता, पण ‘त्याला सल्ला दिला’ यातला ‘ला’ प्रत्यय तू इंग्रजीत नेलास आणि ‘अ‍ॅडव्हाइज टू यू’ असे लिहिलेस. आपल्यापैकी बहुतेकांची ही चूक होते. या क्रियापदाला माणूस थेट लागतो, आणि ‘टू’ लागतो तो पुढच्या कृतीला : ‘वी अ‍ॅडव्हाइज यू टू बुक कोल्ड स्टोरेज’. माणसाचा उल्लेखच नसेल तर कृतीला ‘इंग’ लागते : ‘वी अ‍ॅडव्हाइज बुकिंग अर्ली’. न करण्याचा सल्ला असेल तर ‘नॉट टू’ चालते, पण ‘अगेन्स्ट’ अधिक नेटके आहे : ‘ही अ‍ॅडव्हाइज्ड मी अगेन्स्ट सायनिंग’. ‘दॅट’ वापरून सल्ला दिलास तर पुढचे क्रियापद मूळ रूपात ठेव किंवा त्याआधी ‘शुड’ घाल. ‘डॉक्टरांनी त्याने विश्रांती घ्यावी असे सांगितले’ या वाक्यातला ‘घ्यावी’ जसा विध्यर्थी आहे, तसाच तो प्रकार. तेवढ्यात एक सावधगिरी सांगून ठेवतो. ‘सजेस्ट’ हे क्रियापद अर्थाने याच्या जवळचे असले तरी त्याची रचना याच्यासारखी होत नाही. ‘सजेस्टेड मी टू गो’ हे चूक, ‘अ‍ॅडव्हाइज्ड मी टू गो’ हे बरोबर.

तिसरी खूण नाम आणि क्रियापद यांच्या गोंधळाची आहे. क्रियापदाच्या शेवटी ‘आवाज’ मधला ज ऐकू येतो, नामाच्या शेवटी ‘कापूस’ मधला स. घोटाळा होतो तो लिपीमुळे, कारण ज्यात ‘एस’ हे अक्षर लिहितात त्यात ज ऐकू येतो आणि ज्यात ‘सी’ लिहितात त्यात स. अमेरिकेतही या क्रियापदात ‘झेड’ येत नाही. शिवाय हे नाम मोजता येत नाही. मराठीत आपण दोन सल्ले देतो, म्हणून तू खरेदीदाराचे आभार मानताना अनेकवचन केलेस, पण इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ एकवचनीच राहते आणि मोजायचीच झाली तर तिच्याआधी ‘पीस ऑफ’ घालावे लागते. बँकेतील ‘क्रेडिट अ‍ॅडव्हाइस’ ही सूचनेची चिठ्ठी असते आणि चिठ्ठ्या मोजता येतात, म्हणून तेथे अनेकवचन रास्त आहे.

सल्ल्याच्या अर्थातही हा शब्द नेहमी सारख्या वजनाचा नसतो. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यासाठी हवामान खाते इंग्रजीत जेव्हा मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे ‘अ‍ॅडव्हाइज’ करते, तेव्हा मराठी वर्तमानपत्रे त्याला इशारा म्हणतात, आणि तेच योग्य भाषांतर आहे. राज्यघटनेच्या ७४व्या अनुच्छेदात मंत्रिपरिषदेने राष्ट्रपतींना साहाय्य करावे आणि सल्ला द्यावा असे आहे. तेथे हेच क्रियापद आहे, आणि १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे स्पष्टपणे लिहिले गेले. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला मानावाच लागतो. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेताना मात्र नातेवाइकांची सही घेतात, म्हणजे तेथे निर्णय ऐकणाऱ्याचा आणि जोखीमही त्याचीच. ‘अ‍ॅडव्हाइजेडली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ कोणाच्या सल्ल्याने असा नाही, जाणूनबुजून, विचारपूर्वक असा आहे, एवढेही लक्षात ठेव.

चौथी खूण पत्राच्या शेवटी आहे. ‘प्लीज अ‍ॅडव्हाइज’ हे व्याकरणदृष्ट्या चूक नाही आणि कचेऱ्यांत सर्रास चालते, तरी ते तू लिहू नयेस असे माझे ठाम मत आहे. वाचणाऱ्याने मत द्यायचे, निर्णय कळवायचा की तारीख सांगायची, हे त्यातून समजत नाही, आणि समोरच्यावर अंदाज बांधण्याचे काम पडते. तुला खरेदीदाराकडून पेट्या उतरवून घेण्याची तारीख हवी आहे, तर तारीखच माग आणि ती कोणत्या दिवसापर्यंत हवी तेही लिही.

मसुदा या बदलांसह पुन्हा लिहून मला पाठव. शीतगृहाच्या वाक्याआधी मात्र साहेबांना एक विचारून घे. माल ताब्यात आल्यानंतरची जबाबदारी खरेदीदाराची असेल, तर आपण त्याला तेथे सल्ला द्यावा की जहाजाची नवी तारीख कळवून थांबावे, हे तुझ्या कंपनीने आधी ठरवले पाहिजे. उत्तर दुसरे आले, तर ते वाक्य सरळ काढून टाक.

कळावे.

तुझा शुभचिंतक