'ओढा आणि टाका' की 'आणून सोडा'?

प्रश्न असा आहे : एका ईमेल-सॉफ्टवेअरचं मराठीकरण चालू आहे. 'ड्रॅग अँड ड्रॉप'साठी, म्हणजे माउसचं बटण दाबून धरून फाइल एका जागेवरून दुसरीकडे हलवण्यासाठी, त्यात 'ओढा आणि टाका' लिहिलंय. कानाला खटकतं, पण का ते सांगता येत नाही. दुसरं काही सुचेल का?

खटकतं ते आधी 'टाका'मुळे. पुसून टाक, विकून टाक, उरकून टाक : आपल्याकडे 'टाकणे' दुसऱ्या क्रियापदाला चिकटलं की एकदाचं काय ते संपवण्याचा वास येतो. एकटं असलं तर कचरा तरी टाकतो, नाहीतर फोडणीत मोहरी. १९८४च्या मॅकिंटॉशवर फाइल कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर नेऊन टाकायची सोय होती. तिथे हे क्रियापद शोभलं असतं. पत्राला जोडायचा बायोडेटा कोण टाकेल?

'सोडा' बरं, कारण शेवटी माउसचं बटण खरोखरच सोडायचं असतं. पण नुसतं 'ओढून सोडा' म्हटलं की मला गलोल आठवते. मध्ये जागा सांगितली की अर्थ लगेच सरळ होतो : 'ओढून इथे सोडा'.

आता 'ओढा'. दोरी आपण आपल्याकडे ओढतो. बैल पुढे चालतो आणि गाडी मागून येते. ओढण्यात जोर आहे, वजन आहे. पडद्यावर फाइल बाणाला चिकटून निमूट चालते. या कामाला मराठीत रोजची दोन क्रियापदं आहेत, आणणे आणि नेणे, आणि त्यांत दिशाही आपोआप येते. मुलाला शाळेत नेऊन सोडतो, पाहुण्यांना घरी आणून सोडतो. 'तुला स्टेशनला ड्रॉप करतो' म्हणणाराही करतो तेच. म्हणून पत्र लिहायच्या चौकटीत 'फाइल इथे आणून सोडा', आणि आलेलं पत्र हलवायचं तर 'फोल्डरमध्ये नेऊन सोडा'.

अर्थात एक गोम राहतेच. पत्र फोल्डरमध्ये नेलं की इनबॉक्समधून जातं. डेस्कटॉपवरची फाइल पत्रात आणली तरी मूळ जागी राहते. हाताची हालचाल तीच, परिणाम वेगळे. माझ्या मावशीने फोटो पत्रात सोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "माझ्याकडचा गेला का रे?" (त्याआधी एकदा तिने तो भलतीकडेच सोडला होता, तेव्हा पत्राला जोडला न जाता ब्राउझरमध्येच उघडला.) म्हणून जोडणीच्या सूचनेत 'जोडणे' हे क्रियापद यायलाच हवं.

नाम हवं असेल, मेनूसाठी वगैरे, तर खुशाल 'ड्रॅग अँड ड्रॉप' ठेवा. 'ओढसोड' मीही करून पाहिलं, पण त्याला 'धरसोड'चा शेजार फार जवळचा. फोनवर बोटाने पत्र बाजूला करण्याला मात्र यातलं काहीच नको, तिथे 'सरकवा' आहेच.

आणखी एक. सगळ्यांनाच बटण दाबून धरून हात हलवता येत नाही. २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या निकषांतही ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय असावा असं आहे. तेव्हा माझी पूर्ण ओळ अशी : 'जोडायची फाइल इथे आणून सोडा किंवा यादीतून निवडा.'